मधल्या बांधीतला पाइप

अड्याळच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून मी हातभर लांबीचा प्लास्टिकचा पाइप कापून घेतला आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला छिद्रं पाडून मागितली. दुकानदार म्हणाला, "कायले पायजे? बोअरले त लय लहान आहे." मी सांगितलं, धानाच्या बांधीत गाडायचा आहे. बांधी म्हणजे आमच्याकडचं भाताचं खाचर. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता छिद्रं पाडून दिली. या पाइपसाठी मी वर्षभर परदेशात राहून आले होते, हे त्याला सांगावंसं वाटलं होतं. पण खरं म्हणजे ते तेव्हा मलाच नीट पटत नव्हतं.

त्याआधी सहा वर्षं मी भंडाऱ्यातल्या एका पर्यावरणाच्या संस्थेत काम करत होते. काम म्हणजे गावोगावच्या तलावांची माहिती गोळा करायची, बैठकीला लोक जमवायचे, सतरंज्या अंथरायच्या, फोटो काढायचे. बैठकीत बोलायला मात्र बाहेरून कोणीतरी यायचं. एकदा असाच एक पाहुणा तलावाच्या पाळीवर उभा राहून मला तलाव म्हणजे काय ते समजावून सांगत होता. मी त्या तलावात पोहायला शिकले होते. माझं डोकं असं सणकलं की त्याच आठवड्यात मी परदेशातल्या विद्यापीठांचे अर्ज भरायला घेतले. हवामान बदलाचा वर्षाचा अभ्यासक्रम करायचा, पदवी घेऊन परत यायचं आणि पाळीवर उभं राहून आपण बोलायचं, एवढाच माझा बेत होता. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा बाबा म्हणाले, "जा. पण थंडीचे कपडे इथूनच घेऊन जा."

तो देश थंड, सपाट आणि फार शिस्तीचा होता. तिथे प्रत्येक शेताला स्वतःचा पाट आणि स्वतःचं लोखंडी दार. शेतकऱ्याने घरात बसून बटण दाबलं की त्याच्याच शेतात पाणी येतं, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. आम्हाला सहलीला नेऊन ते दाखवलं तेव्हा मी तोंडात बोट घालायचं तेवढं बाकी होतं.

वर्गात सगळे आपापल्या देशाचं दुःख घेऊन आलेले. एकीचं बेट बुडत होतं, एकाचं जंगल जळत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, आमच्याकडे आता पोळ्यानंतर पाऊस दडी मारतो. सगळे पुढे आणखी काही येईल म्हणून थांबले. पुढे काही नव्हतं. त्यानंतर मी थोडं वाढवून सांगायला शिकले. बघता बघता तिकडे मी भंडाऱ्याची तज्ज्ञ झाले, आणि इकडे परत आल्यावर तिकडची. दोन्हीकडे मला अडवणारं कोणी नव्हतं. अशा वेळी माणूस स्वतःलाही प्रश्न विचारेनासा होतो, हे मला फार उशिरा कळलं.

माझा प्रबंध धानाच्या शेतीवर होता. पाणी भरून राहिलेल्या बांधीतल्या चिखलातून मिथेन नावाचा वायू निघतो आणि तो हवा तापवतो. बांधी सतत भरलेली न ठेवता मधेमधे सुकू दिली तर तो कमी होतो, आणि पिकाचंही फारसं बिघडत नाही. पाणी जमिनीखाली वीतभर उतरलं की पुन्हा भरायचं, ते उतरलेलं दिसावं म्हणून छिद्रांचा पाइप गाडायचा. साधी गोष्ट आहे, आणि खोटीही नाही. प्रबंधात एक यादी द्यावी लागते, आपण काय गृहीत धरलं त्याची. त्या यादीत मी लिहिलं की प्रत्येक शेताला स्वतंत्रपणे पाणी दिलं जातं.

हे मी लिहिलं. लहानपणी शाळेतून आल्या आल्या, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी गेलं का ते पाहायला बाबा जिला पाठवायचे, ती मीच. लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. मराठीत लिहावं लागलं असतं तर कदाचित अडखळला असता. मी तेव्हा नेमकी कुठे होते, हे मला आजही सांगता येत नाही.

कारण आमच्या गावात पाट प्रत्येक बांधीपर्यंत जातच नाही. तलावाचं पाणी सोडायचं दार असतं, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. तुडूम उघडलं की पाणी पहिल्या बांधीत पडतं. ती भरली की धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पाडलेल्या फटीतून दुसरीत जातं, दुसरीतून तिसरीत. माझ्या बांधीतून तुमचं पाणी जातं आणि तुमच्या बांधीतून आणखी कोणाचं. त्यामुळे गावात भांडणं पुष्कळ होतात, पण पाणी कोणी अडवून धरत नाही.

आमच्या मधल्या बांधीला लागून खाली काकाजींच्या दोन बांध्या आहेत. काकाजी नात्यातले नव्हेत. बाबांच्या बरोबरीचे, धुऱ्याला धुरा लागलेले शेजारी. त्यांच्या बांध्यांत पाणी येतं ते फक्त आमच्या मधल्या बांधीतून. नवरा-बायको वर्षभर जो भात खातात आणि सिहोऱ्याला दिलेल्या मुलीकडे जे तांदळाचं पोतं जातं, ते या दोन बांध्यांतलं. दुसरी जमीन त्यांना नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून ध्यानात कसं आलं नाही, हाच माझा घोळ आहे.

परत आल्यावर संस्थेने मला सहा महिन्यांसाठी घेतलं. साहेब म्हणाले, "एका हंगामाचे पूर्ण आकडे आणून दाखवा, मग समन्वयकाची जागा तुमचीच." वायू मोजायची यंत्रं आमच्या संस्थेच्या आवाक्यातली नव्हती. पाइपातलं पाणी रोज मोजायचं आणि वायूचा अंदाज गणिताने काढायचा, असं ठरलं. भरलेली बांधी सुकून पाणी वीतभर खाली जाईपर्यंतची नोंद एकदा तरी सलग हवी होती. मी बाबांकडे बांधी मागितली.

"कोणती पायजे?" बाबांनी विचारलं.

"मधली." ती रस्त्याला लागून होती. सकाळी भंडाऱ्याची बस पकडायच्या आधी मोजून होणार होतं.

"मधली?"

"हो."

"घे मंग," बाबा म्हणाले. मला वाटलं, बांधी द्यायला त्यांच्या जिवावर आलं आहे. मला जरा रागही आला, पोरीवर एवढाही भरवसा नाही म्हणून.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस पूर्ण गेला आणि तलावाचं पाणी घ्यायची वेळ आली. आमच्या अंगाला, म्हणजे तलावाच्या आमच्या बाजूच्या शेतांना, बारा दिवस पाणी, मग तुडूमाचं पाणी दुसऱ्या अंगाला वळवायचं, असं गावाने ठरवलं. आमच्या बांधीतला धान निसवून, म्हणजे लोंब्या बाहेर पडून, दाणा भरायला लागला होता. फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी तोडायचं नाही, असा नियम मी शिकले होते आणि तो मी काटेकोर पाळला. माझ्या बांधीपुरता. पाणी सुटलं त्याच दिवशी, बांधी भरताच, मी वरच्या आणि खालच्या धुऱ्याची फट चिखलाने लिंपून घेतली. वरचं जादा पाणी बाबांनी दुसऱ्या बाजूने नाल्याकडे काढून दिलं. पाइप गाडला, डायरी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी आले आणि धुऱ्यावर उकिडवे बसले.

"कितीक गेलं खाली?"

"अजून वरच आहे, काकाजी."

"कितीक जाऊ द्याचं आहे?"

"वीतभर."

"वीतभर," ते म्हणाले. मग मी त्यांना वायूचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पाय बांधीत घालून चिखल दाबला. दोन-चार बुडबुडे वर आले. "हा का तुया गॅस?"

"हाच."

"हा त मी लहान होतो तवापासून आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर ते रोज यायला लागले. पाइपात वाकून पाहायचे, विचारायचे, "कितीक रायलं?" मी बोटं दाखवायचे. चार बोटं उतरलं. सहा बोटं उतरलं. ते मान हलवून उठायचे. मी खूश होते. इतकी वर्षं गावोगाव फिरले, पण स्वतःच्या पायाने रोज येऊन आकडा विचारणारा शेतकरी मला भेटला नव्हता. डायरीत मी लिहिलं की शेजारचे शेतकरी स्वतःहून निरीक्षणात भाग घेत आहेत. पाइपात डोकावणाऱ्या काकाजींचा फोटो काढून माझ्या तिकडच्या प्राध्यापकांना पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं. त्यांना फार आनंद झाला होता.

नवव्या दिवशी काकाजींच्या घरून काकी आल्या. डोक्यावर गवताचा भारा होता, तो त्यांनी खाली टाकला. काकी बोलायला फटकळ, मनात काही ठेवत नाहीत.

"झालं का वं तुयं?"

"अजून चार दिवस, काकी."

"तीन दिवसानं तुडूम आपल्याकडचं बंद होते. मंग आमच्या बांधीले काय नळाचं पाणी आणू?"

मी डायरी मिटली.

"धान पोटरीतच बसून आहे. निसवाचं नाव नाही. तुये काकाजी रोज येऊन पाहून राहिले, किती गेलं न किती रायलं. तुले समजत नाही का?"

काकाजींच्या बांधीपर्यंत पंधरा पावलं होती, आणि नऊ दिवसांत मी ती चालले नव्हते. आता गेले. त्यांचा धान भारी, म्हणजे उशिरा येणारा. आमचा निसवला तेव्हा त्यांचा अजून पोटरीत, म्हणजे लोंबी पानांच्या आवरणातच, होता. त्याला पाण्याची खरी गरज याच दिवसांत होती. त्यांच्या वरच्या बांधीत थोडी ओल होती. खालच्या बांधीत बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पानांच्या कडा वळल्या होत्या. मला लाज वाटली, नुसती लाज. डायरीतलं ते वाक्य आठवून कानशिलं तापली.

काकाजी तिथेच धुऱ्यावरचं गवत उपटत बसले होते. "काकाजी, तुम्ही बोलले काहून नाही?" मी विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या तोंडून 'का' ऐवजी 'काहून' आलं.

"काय बोलू? मले वाटलं तुले मालूम हाय. एवढी शिकून आली तू. काही सोय केली असन, आखरीले सोडशीन."

घरी येऊन मी बाबांवर घसरले. ते शांतपणे म्हणाले, "मी विचारलं ना तुले, मधली का म्हणून. तू हो म्हणाली. मले वाटलं तुनं त्याईले विचारलं असन." म्हणजे बाबांना वाटलं मी काकाजींना विचारलं, काकाजींना वाटलं मी सोय केली, आणि मला वाटलं दोघांना माझं काम आवडलं. इथे एरवी वीतभर धुऱ्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मी मात्र पदवी घेऊन आले होते, म्हणून सगळ्यांनी तोंड मिटून घेतलं.

यानंतर मी फावडं घेऊन धावत जायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मी साहेबांना फोन लावला. शेजाऱ्याचं अडवलेलं पाणी सोडायला मी भंडाऱ्यातल्या माणसाची परवानगी मागत होते. साहेब म्हणाले, "चारच दिवस राहिले ना? त्यांना नीट समजावून सांगा. आकडे मधेच तुटले तर अहवालात काय दाखवायचं?" मी बरं म्हणाले. मग फोन ठेवून विचार करत बसले, आणि विचार काही केल्या सरळ होईना. पाऊस दडी मारतो म्हणून काकाजींचा धान तलावाच्या पाण्यावर लटकतो. पाऊस दडी मारतो कारण हवा तापली. हवा तापू नये म्हणून मी बांधी सुकवत होते, आणि मी बांधी सुकवली म्हणून काकाजींचा धान सुकत होता. यात मी कोणत्या बाजूला होते? प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं की हे काम छोट्या शेतकऱ्यांसाठी आहे. काकाजींहून छोटा शेतकरी मी आणखी कुठून आणणार होते? आणि तरी, खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात मी मोजत होते. दोन दिवसांत वीत पूर्ण झाली तर? शेवटच्या दिवशी सोडलं तर? समन्वयकाची जागा डोळ्यासमोरून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी पुन्हा पाइप मोजला. आकडा लिहिला. दुपारी बारा वाजता धुरा फोडला, वरचाही आणि खालचाही. पाणी आमच्या बांधीत शिरलं, पाइपच्या भोवती फिरलं आणि हळूहळू खालच्या फटीकडे गेलं. आमच्या सुकलेल्या बांधीने आधी आपलं पोट भरून घेतलं. काकाजींकडे पाणी पोचायला संध्याकाळ झाली. त्यांच्या खालच्या बांधीच्या टोकापर्यंत पोचायला आणखी दीड दिवस गेला, आणि मग तुडूम बंद झालं.

काकाजींची वरची बांधी तरली. खालच्या बांधीत लोंब्या आल्या त्या निम्म्याहून जास्त पांढऱ्या, हातात धरल्या तर कुरकुरीत आणि आत दाणा नाही. मी काकाजींना म्हणाले, "माझी चूक झाली." ते म्हणाले, "होते." बाबांनी आमच्यातला धान त्यांच्याकडे नेऊन दिला. त्यांनी तो घेतला. दोघांत काही बोलणं झालं का, मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

संस्थेत मी सगळं जसं घडलं तसं लिहून दिलं, शेवटच्या मोजणीसाठी दवडलेल्या अर्ध्या दिवसासकट. आता जागा गेली असं धरून बसले होते. साहेबांनी वाचलं, डोकं खाजवलं आणि त्यातून असा काही अहवाल तयार केला की मी स्वतः वाचून थक्क झाले. आकडे अपुरे होते, पण समुदायाशी संवादातून पद्धतीत बदल केला, असं त्यात आलं होतं. देणगीदारांना ते फार भावलं. समन्वयकाचं पत्र मला मिळालं. पुढच्या वर्षी पाच गावं. आता बैठकीत मी बोलणार होते.

पत्र मिळालं तेव्हा मला आनंद झाला, हे लपवत नाही. त्याच आनंदात पेढे घेऊन मी काकाजींकडे गेले. ते अंगणात खाटेवर बसले होते. काकी आत चुलीपाशी होत्या. काकाजींनी पेढा तोंडात टाकला, बोटं धोतराला पुसली.

"परमनंट झाली का?"

"तसंच समजा."

"बरं झालं." मग म्हणाले, "आता पुढच्या साली बी करशीन ते पाइपाचं?"

"करावं लागेल. पाच गावांत आहे आता."

"आपल्या अंगाले बी?"

"हो. पण या वेळी असं नाही होणार, काकाजी. आधी सगळ्यांना विचारून, तुमच्याकडचं पाणी आधी..."

त्यांनी हाताने मला थांबवलं. रागाने नाही. त्यांचा हिशेब चालला होता, तो मोडू नये म्हणून. "तसं असन त रोवण्याच्या आंधी सांगजो. खालच्या बांधीत मी हलका धान टाकीन. तो लवकर निंघते. तुये पाइप येवाच्या आंधी कापून होईन."

हलका धान कमी पिकतो. काकींना त्याचा भात आवडत नाही, आणि सिहोऱ्याला पोतं पाठवायला तो पुरत नाही. तिकडे एक पूर्ण विषय होता आम्हाला, आपल्या हातात नसलेल्या संकटापुढे माणसं आपलं बी आणि पेरणीची वेळ कशी बदलतात याचा. उशिरा येणारा पाऊस, उष्णतेची लाट, पूर, अशी संकटांची यादी मी परीक्षेत लिहिली होती आणि चांगले गुण मिळवले होते. काकाजी आता माझ्यासमोर बसून बी बदलत होते, आणि या वेळचं संकट मी होते.

"सांगशीन ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"सांगेन," मी म्हणाले.

आतून काकींचा आवाज आला. "तिच्या सांगण्याची वाट काहून पाहता? हलकाच धरून चाला."

काकाजींनी मान हलवली.